ताईचं ग्रीन कार्ड आणि पेढे

ताई-भाऊजी अमेरिकन नागरिक. त्यांनी १९९१ साली मुंबईहून लेक दत्तक नेली. तिचं ग्रीन कार्ड आलं तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. झालं एकदाचं, असंच वाटलं सगळ्यांना!

पण ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहायची परवानगी, नागरिकत्व नव्हे. त्याचा अर्ज वेगळा, तोही आईबापांनी करायचा. कित्येकांनी केलाच नाही. २७ फेब्रुवारी २००१ पासून नवा कायदा लागू झाला आणि अशी मुलं आपोआप नागरिक होऊ लागली. मात्र त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती, ती वगळली. एका तारखेवर आयुष्य! १९८९ मध्ये मुंबईहून दत्तक गेलेली एक मुलगी अशीच मागे राहिली. पुढे एका खटल्यात दोषी ठरली आणि २००८ मध्ये तिला मुंबईला परत धाडलं. नवरा, दोन मुलं तिकडेच. गुन्हा केला हे खरं, पण अर्ज राहिला तो काही तिच्यामुळे नव्हे.

हे वाचल्यावर ताईला विचारायचा धीर होईना. शेवटी फोन केलाच. ती म्हणाली, "थांब, फाईल काढते." बराच वेळ कपाटाची खुडबुड ऐकू येत होती. मग म्हणाली, "आहे रे. १९९४ चं प्रमाणपत्र."

हुश्श!