आंतरलिंगी बालकांवरील शस्त्रक्रिया

जननेंद्रिये, जननग्रंथी किंवा गुणसूत्रे यांची रचना स्त्री वा पुरुष या रूढ वर्गीकरणात न बसणाऱ्या बालकांचे शरीर त्या वर्गीकरणाशी जुळवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना आंतरलिंगी बालकांवरील शस्त्रक्रिया म्हणतात. मूत्रमार्गातील अडथळा दूर करण्यासारखे आवश्यक उपचार यात मोडत नाहीत. बालक संमती देऊ शकत नसताना त्याच्या शरीराचे बाह्य रूप कायमचे बदलावे का, हा या विषयातील मुख्य नैतिक प्रश्न आहे.

इतिहास

१९५० च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंगओळख मुख्यतः संगोपनातून घडते, असे मत मांडले. त्यातून तान्ह्या वयातच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. अनेकदा रुग्णापासून ही माहिती मोठेपणीही लपवली जात असे. मनी यांनी पुराव्यादाखल सुंतेच्या वेळी शिश्न गमावलेल्या व मुलगी म्हणून वाढवलेल्या एका मुलाचे उदाहरण दिले होते. हा मुलगा आंतरलिंगी नव्हता. त्याने किशोरवयातच पुरुष म्हणून जगणे स्वीकारले होते, हे मिल्टन डायमंड व कीथ सिग्मंडसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले.

युक्तिवाद

लहान वयात जखम लवकर भरते, मूल उपहासापासून वाचते आणि पालकांची चिंता कमी होते, असे समर्थक म्हणतात. विरोधकांच्या मते संवेदना कमी होणे, व्रण व पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया यांचा भार मुलालाच वाहावा लागतो. जननग्रंथी काढल्यास प्रजननक्षमता नष्ट होते व संप्रेरके बाहेरून घ्यावी लागतात. उपहास हा समाजाचा दोष असून त्यावर मुलाचे शरीर बदलणे हा उपाय नव्हे, असेही ते मांडतात. काही अवस्थांमध्ये जननग्रंथीच्या कर्करोगाचा धोका असल्याने आवश्यक व टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया यांतील सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते.

कायदे

माल्टा या देशाने २०१५ मध्ये संमतीविना होणाऱ्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांवर बंदी घातली. जर्मनीने २०२१ मध्ये त्यांवर कायद्याने निर्बंध आणले.

भारत

२२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अरुणकुमार व श्रीजा यांच्या विवाहनोंदणीच्या खटल्यात, पालकांची संमती ही बालकाची संमती मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने जीवघेणी परिस्थिती वगळता आंतरलिंगी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी करणारा आदेश काढला. हा आदेश त्या राज्यापुरताच लागू आहे.