मुलांचा कार्यक्रम आणि सई परांजपे

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हणजे महाराणी ताराराणी, पन्हाळगड, शाहू महाराज. त्यावर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु ज्या कामाला कोणी मोठे मानत नाही आणि जे बहुधा बायकांकडेच येते, त्यालाही इतिहास असतो. मुलांना गोष्ट सांगणे हे तसलेच एक काम. म्हणून मी श्रीमती सई परांजपे यांच्याविषयी लिहीत आहे. ‘स्पर्श’ आणि ‘चश्मेबद्दूर’ या चित्रपटांमुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. पण त्यांची सुरुवात रेडिओवर, मुलांच्या कार्यक्रमात झाली, हे आपल्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल. मलाही ते त्यांचे २०१६ साली निघालेले ‘सय’ हे पुस्तक हाती येईपर्यंत माहीत नव्हते.

या घराण्याचा आपल्या कोल्हापूरशी दुरून का होईना, एक धागा आहे. १९२९ साली आपल्या गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. तिच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ या चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याची शिकलेली, समाजकार्य करणारी मुलगी आहे. ते काम शकुंतलाबाई परांजपे यांनी केले. त्या रँग्लर परांजपे यांच्या कन्या. केंब्रिजला जाऊन त्या गणित शिकल्या होत्या, आणि संततिनियमनाचे नाव काढणेही जेव्हा लाजेचे होते तेव्हा त्यांनी त्याचा उघड प्रचार केला. १९६४ साली त्या राज्यसभेवरही गेल्या. सईताई या त्यांच्या कन्या. जन्म १९३८ सालचा, लखनौचा. वडील रशियन चित्रकार होते. पण आईवडील लवकरच वेगळे झाले आणि मुलगी आजोबांच्या घरी आईजवळ वाढली. वयाच्या आठव्या वर्षी तिचे ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे पुस्तक छापून निघाले. आपल्या घरी आठ वर्षांच्या मुलीने काही लिहिले तर आपण ते रद्दीत घालतो. त्या माउलीने ते जपले, हे मला फार मोलाचे वाटते.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. सईताई तेथे निवेदिका म्हणून लागल्या आणि मुलांच्या कार्यक्रमामुळे लवकरच लोकांच्या परिचयाच्या झाल्या. त्या काळी एका रेडिओभोवती सारे घर बसत असे. बोलणारीचा चेहरा दिसत नसे, साडी दिसत नसे, हातवारे दिसत नसत. असायचा तो फक्त आवाज. राजा कसा दिसतो, जंगल किती दाट आहे, हे सारे शब्दांनीच उभे करायचे. मूल कंटाळले तर उठून अंगणात पळणार, आणि ते पळाले हे बोलणारीला कळणारही नाही! म्हणून मला वाटते, माईकसमोर बसून मुलांशी बोलणे हे मोठ्यांशी बोलण्याहून अवघड आहे.

पुढे त्या दिल्लीला राष्ट्रीय नाट्यविद्यालयात गेल्या आणि १९६३ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यानंतर दिल्लीच्या दूरदर्शनवर त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. भारतात टेलिव्हिजन १९५९ साली सप्टेंबरात दिल्लीला सुरू झाला, आणि मुंबईला तो यायला १९७२ सालचा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे एक मराठी बाई जेव्हा या नव्या पेटीचे काम शिकत होती, तेव्हा आपल्याकडे ती पेटी कोणी पाहिलीही नव्हती. १९७२ सालीच त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरदर्शनपटाला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपण संघाचे पारितोषिक मिळाले.

मोठे पारितोषिक मिळाल्यावर एखादीने मुलांचे काम सोडले असते. सईताईंनी ते सोडले नाही. बालचित्र समिती ही सरकारी संस्था १९५५ साली निघाली होती, आणि २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. या समितीचे अध्यक्षपद सईताईंनी दोन वेळा सांभाळले. ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे त्यांचे बालचित्रपट. ‘पत्तेनगरीत’सारखी मुलांची नाटकेही त्यांनी लिहिली. त्यानंतर १९८० साली ‘स्पर्श’ आला. दिल्लीच्या एका अंधशाळेत तो घेतला आणि तेथल्याच मुलांनी त्यात कामे केली. त्यातले मुख्याध्यापक स्वतः अंध आहेत. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: या मुलांना मदत हवी, कीव नको.

या वाक्याशी मी फार वेळ अडून राहिले. त्याचे कारण सांगते. मागल्या वर्षी आपल्या बालमेळाव्यात गोष्ट सांगायचे काम माझ्याकडे आले. चित्रांचे मोठे पुस्तक मी हौसेने आणले आणि पान उलटून दाखवू लागले. सारी मुले पुढे सरकली. आमच्या गल्लीतली एक मुलगी तेवढी जागेवरच बसून राहिली. तिला जन्मापासून दिसत नाही. माझ्या तोंडून “बिचारी!” असे निघून गेले आणि मी तिच्या हातात खाऊचा एक जास्तीचा पुडा ठेवला. तिने तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, “काकी, चित्रात काय आहे ते सांगा ना.” मी गडबडले. चित्र दाखवायचे सोपे, सांगायचे मला जमेना. “वाघ आहे,” एवढेच मी म्हणाले. “कसला वाघ? बसलाय की उभा?” ती विचारीत राहिली, आणि मी घड्याळाकडे पाहून मेळावा आवरता घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘सय’ मी नंतर वाचले, आणि माझे काय चुकले ते उमजले. पोरीला खाऊ नको होता, वाघ हवा होता. रेडिओसमोरच्या साऱ्या मुलांना जे द्यावे लागे, तेच तिने माझ्याकडे मागितले होते. मुलांसाठी आहे म्हणून कसेही चालेल, असे ज्या बाईने मानले नाही, तिच्याच हातून पुढे ‘स्पर्श’ घडला, अशी माझी समजूत आहे. सरकारने २००६ साली त्यांना पद्मभूषण दिले. मानमरातब पुष्कळ झाले. पण त्यांचे मूळ त्या लहानशा माईकपाशी आहे, असे मला वाटते.

यंदा श्रावणात मी पुस्तक घरीच ठेवले. मुलांना जवळ बसवले आणि वाघ कसा चालतो, गवत कसे सळसळते, ओढ्याच्या पाण्याचा वास कसा येतो, ते सांगितले. मध्येच अडखळले, एकदा तर गोष्टच विसरले. तेव्हा त्याच मुलीने पुढचे सांगितले, आणि माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

हल्ली आपली मुले मोबाईलवरची चित्रे बघतात आणि त्यांतलीच भाषा बोलतात, अशी आपण तक्रार करतो. तक्रार खरी आहे. पण आपण आपला आवाज त्यांना किती दिला, हेही विचारले पाहिजे. मंडळाने दर रविवारी तासभर मुलांसाठी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. त्याला खर्च नाही आणि शिक्षणाचीही अट नाही. पहिल्या रविवारची गोष्ट मी सांगेन. दुसऱ्या रविवारची सांगायला ती मुलगी तयार आहे.