थंड धुराचा इतिहास

पेल्यात साधे पाणी घ्या, तापमापकाने त्याचे तापमान मोजा आणि तो आकडा फळ्यावर लिहा. त्यातला एक घोट घ्या. आता पेपरमिंटची गोळी चघळा आणि त्याच पेल्यातला दुसरा घोट घ्या. पाणी एकदम गार लागेल. तापमापक पुन्हा पाण्यात बुडवला तर आकडा मात्र तोच दिसेल. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. प्रत्येकाचा पेला वेगळा असावा आणि तापमान मोजायला आणखी एक पेला ठेवावा, एवढे पाहावे.

पाणी गार झाले नाही, तरी ते गार लागले. असे का झाले? आपल्या त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात. त्यांच्या टोकांवर एका विशिष्ट प्रथिनाचे दरवाजे असतात. तापमान साधारण २६ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हे दरवाजे उघडतात आणि 'गार आहे' असा निरोप मेंदूकडे जातो. पुदिन्यातले मेंथॉल नेमके याच प्रथिनाला चिकटते आणि गारवा नसतानाही दरवाजा उघडते. मेंदूला मिळालेला निरोप खरा असतो, त्यामागची घटना मात्र घडलेली नसते. टीआरपीएम-८ नावाच्या या प्रथिनाची ओळख २००२ साली पटली. ती पटवणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना स्पर्श व तापमानाच्या संवेदनांवरील संशोधनाबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंथॉलचे आणखी एक काम आपल्या ओळखीचे आहे. खवखवणारा घसा त्याने शांत होतो आणि खोकल्याची उबळ कमी होते. म्हणूनच खोकल्याच्या गोळ्यांत आणि बाममध्ये ते असते. औषधात हा गुण उपयोगाचा आहे. पण हेच मेंथॉल तंबाखूच्या धुरात मिसळले तर काय होते? याचे उत्तर देणारा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत झाला नाही. तो अमेरिकेच्या बाजारपेठेत झाला आणि नव्वद वर्षांहून अधिक काळ चालला. 'कूल' या सिगारेटच्या इतिहासातून तो आपल्याला पाहता येतो.

घशाला विश्रांती

मेंथॉलच्या सिगारेटची कल्पना 'कूल'च्या मालकांची नव्हे. ओहायो राज्यातील मिंगो जंक्शन या छोट्या गावच्या लॉइड ह्यूज या तरुणाला १९२५ साली तंबाखूवर मेंथॉलची प्रक्रिया करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. 'स्पड' हे त्याचे टोपणनाव होते, तेच सिगारेटलाही मिळाले. पुढे लुइव्हिल शहरातल्या एका तंबाखू कंपनीने हे पेटंट विकत घेतले आणि 'स्पड' देशभर विकायला काढली.

त्याच शहरातल्या 'ब्राउन अँड विल्यमसन' या कंपनीने १९३३ साली स्पर्धेत उतरून 'कूल' बाजारात आणली. इंग्रजीत 'गार' या अर्थाचा शब्द 'सी' अक्षराने सुरू होतो. कंपनीने तिथे 'के' घातला आणि नाव लक्षात राहील असे केले. जाहिरातीसाठी बर्फावरचा पेंग्विन निवडला. हा गुबगुबीत पक्षी लोकांना सांगे की उष्ण धुराने घसा शिणला असेल तर 'कूल' ओढून त्याला जरा सुटी द्या. सर्दीपडशाच्या दिवसांत तर 'कूल'च बरी, असा प्रचारही होत असे.

या जाहिरातींची रचना नीट पाहण्यासारखी आहे. सिगारेटने घसा खवखवतो, हे त्यांत नाकारलेले नाही. ते मान्य करून त्यावर दुसऱ्याच सिगारेटचा उतारा सुचवला आहे. वास्तविक घशाची खवखव आणि खोकला हे शरीराचे पहारेकरी आहेत. आत येणारा पदार्थ अपायकारक आहे, अशी आरोळी ते देतात. मेंथॉलने चोर पकडला जात नाही, पहारेकऱ्याला मात्र झोप लागते. धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन पूर्वीइतकेच आत जातात, फक्त आरोळी उठत नाही.

तरीही पहिली वीस वर्षे या सिगारेटींचा खप बेताचाच राहिला. बाजारात त्यांचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास होता. लोक त्यांना सर्दी झाल्यावर ओढायची सिगारेट समजत.

भीतीला उतारा

१९५० साली चित्र बदलू लागले. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध आकड्यांनी पुढे आला. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी ही बातमी घरोघर पोचवली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली.

अशा वेळी सिगारेट सोडणे हा सरळ मार्ग होता. कंपन्यांनी दुसरा मार्ग दाखवला. फिल्टर लावलेल्या आणि मेंथॉल घातलेल्या सिगारेटी त्यांनी 'सौम्य' म्हणून पुढे केल्या. १९५६ साली 'सेलम' आणि १९५७ साली 'न्यूपोर्ट' आली. 'कूल'लाही फिल्टर मिळाले. जाहिरातींत हिरवी कुरणे, धबधबे आणि वसंत ऋतू दिसू लागले. रोगाचा उल्लेख कुठेच नसे. पण घशाला गार वाटणारा धूर कमी घातक असला पाहिजे, असा निष्कर्ष ग्राहक आपणहून काढत असे. १९७० चे दशक संपताना अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सिगारेटी मेंथॉलच्या होत्या.

कंपनीच्या आत काय चालले होते, हे तेव्हा बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. 'ब्राउन अँड विल्यमसन'चे प्रमुख कायदेतज्ज्ञ अ‍ॅडिसन येमन यांनी १९६३ साली एका अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिले होते की निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा हे व्यसन लावणारे द्रव्य विकण्याचा आहे. एकतीस वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख शपथेवर बोलले. निकोटिन व्यसन लावते असे आपल्याला वाटत नाही, असे त्या सर्वांनी सांगितले. त्यांत याही कंपनीचे प्रमुख होते. कंपनीची हजारो गुप्त कागदपत्रे त्याच सुमारास बाहेर आली. मेंथॉलच्या व्यापाराचा खरा इतिहास अशा कागदांमुळेच आपल्याला लिहिता येतो.

गिऱ्हाईक कसे घडवले

या कागदपत्रांतून आणि जुन्या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट उलगडते. १९५३ सालच्या एका बाजार-पाहणीत मेंथॉलची सिगारेट पसंत करणारे लोक गोऱ्यांमध्ये सुमारे २ टक्के, तर कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ५ टक्के आढळले. दोन्ही आकडे लहान, फरकही लहान. पण कंपन्यांना त्यात संधी दिसली.

दक्षिणेतील शेतमळे सोडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या दशकांत उत्तरेच्या औद्योगिक शहरांत येत होती. त्यांच्या हाती पगार येत होता, आणि 'एबनी'सारखी त्यांची स्वतःची मासिके निघाली होती. त्या मासिकांत 'कूल'च्या जाहिराती येऊ लागल्या. १९७१ च्या जानेवारीपासून रेडिओ-टेलिव्हिजनवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली, तेव्हा तो पैसा रस्त्यांवरचे फलक, मासिके आणि समारंभ यांकडे वळला. १९७५ पासून 'कूल'च्या नावाने जाझ संगीताचे महोत्सव होऊ लागले. पुढे फुकट सिगारेटी वाटणाऱ्या 'कूल'च्या गाड्या शहरांतल्या वस्त्यांमधून फिरल्या.

ज्या समाजाला इतर बडे उद्योग जाहिरातींत जागा देत नव्हते, त्याच्या मासिकांना, कलावंतांना आणि संस्थांना तंबाखू कंपन्यांनी पैसा दिला. हा पैसा त्या संस्थांना हवाही होता. त्यामुळे विरोध करायचा तर कोणी आणि कसा, हा प्रश्न कठीण झाला. मेंथॉलने घशाचा पहारेकरी झोपवला, तसे या देणग्यांनी समाजाचे पहारेकरी गप्प केले.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९५३ साली ५ टक्के असलेले ते प्रमाण आज कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांमध्ये सुमारे ८५ टक्के आहे. काही जण याला त्या समाजाची 'उपजत आवड' म्हणतात. पण दोन-तीन पिढ्यांत अशी आवड रक्तात उतरत नाही. ती घडवावी लागते, आणि ती कशी घडवली हे आपण वर पाहिले.

शाळकरी मुलेही या व्यापारातून सुटली नाहीत. 'न्यूपोर्ट' विकणाऱ्या 'लोरिलार्ड' कंपनीच्या १९७८ सालच्या एका अंतर्गत पत्रात, आपल्या धंद्याचा पाया हायस्कूलचा विद्यार्थी आहे, असा स्पष्ट उल्लेख सापडतो. शिक्षकांनी हे वाक्य दोनदा वाचावे असे आम्हाला वाटते.

विरोध उभा राहतो

१९९० च्या आरंभी एक वेगळी घटना घडली. 'आर. जे. रेनॉल्ड्स' कंपनीने 'अपटाउन' नावाची नवी मेंथॉल सिगारेट फिलाडेल्फियात चाचणीसाठी आणायचे ठरवले. ती कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी आहे, हे कंपनीने लपवले नाही. शहरातील चर्च, डॉक्टर आणि नागरिक संघटना एकत्र आल्या. अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते. १८ जानेवारीला त्यांनी फिलाडेल्फियातच भाषण करून कंपनीवर कडक टीका केली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने 'अपटाउन' मागे घेतली. ही सिगारेट दुकानात पोचलीच नाही.

'कूल'ने मात्र जुना रस्ता सोडला नाही. २००४ साली 'कूल मिक्स' या मोहिमेत पाकिटांवर हिप-हॉप गायक, वादक आणि नर्तक यांची चित्रे छापली गेली. १९९८ च्या करारात कंपन्यांनी ४६ राज्यांना मुलांना लक्ष्य न करण्याचे वचन दिले होते. न्यूयॉर्क, मेरिलँड आणि इलिनॉय या राज्यांनी त्यावर बोट ठेवून दावे लावले. त्याच वर्षी तडजोड झाली. मोहिमेवर बंधने आली आणि मुलांमधील धूम्रपान रोखण्याच्या कामासाठी सुमारे १४.६ लाख डॉलर द्यावे लागले. पुढे मालक बदलत 'कूल' २०१५ साली 'आयटीजी ब्रँड्स'कडे गेली. आज मेंथॉलच्या बाजारात 'न्यूपोर्ट' तिच्या फार पुढे आहे.

विज्ञान काय सांगते

इथे एक सूक्ष्म भेद विद्यार्थ्यांना समजावून द्यायला हवा. मेंथॉलची एक सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा अधिक विषारी असते का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली उपलब्ध पुरावा तपासला. त्यात असा फरक सिद्ध झाला नाही. मग तक्रार कशाची? त्याच तपासणीत असे दिसले की मेंथॉलमुळे सुरुवात करणे सोपे जाते, व्यसन अधिक घट्ट होते आणि सोडणे अवघड होते. म्हणजे हानी एका सिगारेटमध्ये मोजली तर दिसत नाही, ती समाजात मोजावी लागते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली असे गणित मांडले. १९८० ते २०१८ या काळात अमेरिकेत मेंथॉलमुळे सुमारे एक कोटी जास्तीचे लोक धूम्रपानाकडे वळले आणि सुमारे ३ लाख ७८ हजार लोक अकाली मरण पावले, असा त्यांचा अंदाज आहे.

२००९ च्या कायद्याने अमेरिकेत सिगारेटमधील फळांचे, मिठाईचे स्वाद बंद झाले, पण मेंथॉल तेवढे वगळले गेले. कॅनडाने २०१७ साली आणि युरोपीय संघाने २०२० साली मेंथॉलच्या सिगारेटींवर बंदी घातली. कॅनडात त्यानंतर अशा सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. अमेरिकेत २०२२ साली बंदीचा प्रस्ताव आला. काही कृष्णवर्णीय नेत्यांनी त्याला विरोध केला, कारण बंदीचे निमित्त करून पोलीस आपल्याच तरुणांना छळतील अशी त्यांना भीती होती. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पकडताना एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला होता, म्हणून ही भीती पोकळ म्हणता येत नाही. मात्र असा विरोध करणाऱ्या काही संघटनांना तंबाखू कंपन्यांकडून पैसा मिळत होता, हेही खरे आहे. कृष्णवर्णीयांच्याच अनेक आरोग्य संघटना बंदीच्या बाजूने उभ्या होत्या. अखेर जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागे घेण्यात आला.

आपल्याकडे

या विषयाशी भारताचे एक नाते आहे. जगाला लागणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलचा मोठा वाटा उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या आसपास पिकणाऱ्या पुदिन्यातून येतो. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. तेच मेंथॉल टूथपेस्टमध्ये, बाममध्ये आणि खोकल्याच्या गोळीत जाते. पण मेंथॉलच्या सिगारेटी आपल्या बाजारातही मिळतात, आणि पानमसाल्याच्या पुड्यांवरील घटकांच्या यादीतही हे नाव अनेकदा दिसते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. हे अंतर मोजून पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी भूमितीचा चांगला पाठ होईल.

'तंबाखू वाईट आहे' हे वाक्य मुलांनी इतक्यांदा ऐकलेले असते की ते कानावरून जाते. त्याऐवजी एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू आपल्याला काय जाणवून देते? ती जाणीव कशाचा पुरावा आहे, आणि कशाचा नाही? आणि ही जाणीव आपल्याला विकण्यासाठी पैसे कोण खर्च करत आहे? हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, तर पेंग्विनच्या जागी उद्या दुसरे कोणतेही चित्र आले तरी आपले विद्यार्थी त्याला फसणार नाहीत.