बुरशीने शिकवलेलं

पिंपरीची एच.ए. कंपनी म्हटलं की आमच्या पिढीला पेनिसिलिन आठवतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. बुरशी पोसून औषध करायचं, हे तेव्हा नवलच होतं.

पण बुरशीला खायला काय घालायचं? हे कोडं आधी अमेरिकेत सुटलं होतं. १९४१ साली पिओरियाच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयर यांनी मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरलं. ग्लुकोज मुबलक मिळालं की बुरशी भराभर वाढते, पण पेनिसिलिन कमी करते. लॅक्टोज सावकाश पचतं आणि पेनिसिलिन वाढतं. थोडक्यात, पेशी काय खाते यावर ती काय करते हे ठरतं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचंही असंच आहे. एरवी त्या बेताने खातात. शत्रू दिसला की भरपूर ग्लुकोज ओढून घेतात आणि झपाट्याने दुप्पट-चौपट होतात.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचं मूत्रपिंड बदललं आहे. तो परवा म्हणाला, "काका, प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी रोज कशाला? आता बरं वाटतंय, बंद करू?"

त्याची ती गोळी मायकोफेनोलेटची. तिचं मूळही पेनिसिलियम कुळातल्या बुरशीतच! इटलीच्या बार्तोलोमेओ गोझिओ यांनी १८९३ साली खराब मक्यावरच्या बुरशीतून तो मूळ पदार्थ वेगळा केला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली ती १९९५ साली. मधे शंभरेक वर्षं गेली.

मी त्याला समजावलं ते असं. पेशीला दुप्पट व्हायचं तर नवा डीएनए बांधावा लागतो. इतर पेशी त्यासाठी मोडलेल्या घराच्या जुन्या विटाही वापरतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना मात्र बहुतेक विटा नव्याने भाजाव्या लागतात. गोळी ती भट्टी मंद करते. म्हणून या सैनिकांची फौज फुगत नाही आणि परक्या मूत्रपिंडावर तुटून पडत नाही. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो हे खरं, म्हणून तर रक्ततपासण्या असतात. पण बरं वाटतंय ते गोळीमुळेच. मनाने बंद केली तर मिळालेलं मूत्रपिंड गमवायची वेळ येईल.

मंडळी, तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर एवढं जरूर सांगा. कमी-जास्त काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.