हक्का नूडल्समधले हक्का

कोबी, ढोबळी मिरची, पातीचा कांदा, सोया सॉस. कढई कडक तापलेली हवी. अर्ध्या तासात आजीपासून नातवापर्यंत सगळे खूश. अमेरिकेतल्या मराठी घरांचा हा हुकमी बेत. शेजारच्या चायनीज रेस्टॉरंटात मात्र ‘हक्का नूडल्स’ सहसा नसतात, कारण त्या भारतातल्या.

हक्का ही दक्षिण चीनमधली जमात. कोलकात्यात त्यांनी चामड्याचे कारखाने काढले, खाणावळी चालवल्या. १९६२च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळी छावणीत डांबलं. त्यांत भारतातच जन्मलेलेही होते. सुटल्यावर अनेकांची घरं, दुकानं राहिली नव्हती. कित्येकांनी पुढे टोरांटो गाठलं.

अमेरिकेनेही १९४२मध्ये जपानी वंशाच्या लोकांना असंच कोंडलं होतं. पण १९८८मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. देवळीबद्दल भारत सरकारने अजून माफी मागितलेली नाही.