कलकत्त्याच्या पटावरील दोन अनपेक्षित चाली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर आणि महेशचंद्र बॅनर्जी हे देशी बुद्धिबळात मुरलेले बंगाली खेळाडू यांच्यात झालेले कित्येक डाव लंडनच्या बुद्धिबळविषयक नियतकालिकांतून छापले गेले, आणि त्यामुळेच ते आज उपलब्ध आहेत.

१८४८ च्या एका डावात पेट्रॉफ बचाव खेळला गेला. या सुरुवातीत पांढरा घोडा ई-५ वरील प्यादे मारतो, काळा डी-६ खेळून त्याला हुसकावतो, आणि घोड्याने मागे फिरावे हा शिरस्ता. कॉक्रेन यांनी मात्र घोडा थेट एफ-७ वर घालून दोन प्याद्यांच्या मोबदल्यात त्याचा बळी दिला. तो घोडा मारताना काळ्याचा राजा हलतो आणि किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आड नेण्याची डावात एकदाच मिळणारी सोय, कायमची जाते. पुढे पांढऱ्या उंटाने सी-४ वरून शह दिल्यास डी-५ वर प्यादे पुढे करावे आणि ते गेले तरी मोहऱ्यांना वाट मोकळी करून घ्यावी, हे उत्तर आज सर्वमान्य आहे. म्हणूनच पांढऱ्या बाजूचे खेळाडू आता शहाऐवजी डी-४ पसंत करतात.

१८५५ मध्ये बुचकळ्यात पाडण्याची पाळी महेशचंद्रांची होती. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापावा ही युरोपची शिकवण असताना त्यांनी घोडा काढून जी-६ खेळले, डी-५ ने मध्याला आव्हान दिले, उंट जी-७ वर म्हणजे लांब कर्णावर बसवला आणि पांढऱ्याचा मध्य उभा राहू देऊन सी-५ ने त्यावर घाव घातला. देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या चालीतही एकच घर सरके. या संथ मांडणीची सवय त्यांच्या धाडसामागे असावी, असे मानणे सयुक्तिक वाटते. तो डाव कॉक्रेन यांनी जिंकला, तरी महेशचंद्रांच्या मांडणीकडे नवशिक्याची चूक समजून पाहणे हा युरोपीय अभ्यासकांचा मोठाच प्रमाद ठरला असता.

हीच मांडणी १९२२ मध्ये ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी स्पर्धेत आणली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. श्रेयाची ही वाटणी न्याय्य नाही. कॉक्रेन यांचा बळीही विस्मृतीत गेला नाही: १९९९ मध्ये लिनारेस येथे वेसेलिन टोपालोव्ह यांनी व्लादिमीर क्रामनिक यांच्याविरुद्ध तोच घोडा एफ-७ वर दिला, आणि डाव बरोबरीत सुटला.