मांजर माती का उकरते?

श्रोतेहो, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात ज्या घरी धान साठवलेले असते त्या घरी उंदीर येतातच. आणि उंदीर आले की मांजर हवेसे वाटते. पण पुष्कळ घरी सकाळ उजाडते ती मांजराला शिव्या घालत. रात्री त्याने चुलीतल्या राखेत घाण करून ठेवलेली असते. घरची बाई जळणाचे लाकूड उचलते, मांजर पळते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मांजराला शिस्त लावता येते का? येते, बरं का. पण त्यासाठी आधी त्याचा थोडा इतिहास ऐकला पाहिजे.

आपल्या घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आपल्या जंगलातले रानमांजर, असे कोणालाही वाटेल. ते खरे नाही. त्याचे मूळ कूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका इथल्या कोरड्या प्रदेशातले. तिथे माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हतीच; म्हणजे कोणीतरी ते नावेतून नेले असले पाहिजे. बैलाला आपण दावे लावून आणले. मांजर मात्र स्वतःच्या पोटासाठी आपल्या दाराशी आले, आणि येताना आपल्या सवयी घेऊन आले.

त्यातली एक सवय म्हणजे माती उकरून विष्ठा झाकणे. आता ताडोबाच्या रानात पाहा. तिथला वाघ आपली विष्ठा वाटेवर उघडी टाकतो, मागच्या पायांनी जमीन खरवडतो. ‘ही हद्द माझी आहे’ असे तो जणू लिहूनच ठेवतो, आणि जंगलात हिंडणारी माणसे ते लिखाण वाचतात. लहान मांजराला अशी पाटी लावून चालत नाही. आपला वास मोठ्या जनावराला लागू नये म्हणून ते तो मातीखाली दडवते, असे जाणकार सांगतात. तेव्हा मांजर राखेत जाते ते खोडी काढण्यासाठी नव्हे. राख मऊ असते, कोरडी असते, पंजाने सहज उकरता येते. त्याच्या लेखी ती वाळूच!

ही अडचण आपल्याच घरची आहे असेही नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९४७ च्या जानेवारीत एका बाईची वाळू थंडीने गोठून गेली. तिने मांजरासाठी राख ठेवली, तर मांजराने काळी पावले घरभर उमटवली. ती शेजारच्या एडवर्ड लो याच्याकडे वाळू मागायला गेली. त्याने वाळूऐवजी ओल शोषून घेणारी दाणेदार माती दिली. ती इतकी उपयोगी पडली की पुढे लो याने तिच्या पिशव्या भरून विकल्या, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. चार्ल्स मिंगस नावाच्या अमेरिकन संगीतकाराने तर आपल्या मांजराला माणसांच्या शौचकूपावर बसायला शिकवले. कागदाचे तुकडे भरलेले खोके त्याने रोज थोडे थोडे सरकवत तिथवर नेले. कौतुक करण्याजोगी गोष्ट खरी, पण त्यात मांजराची उकरण्याची सवय मोडावी लागते. आपल्याकडे माती मुबलक आहे. मग ती सवय मोडायची कशाला?

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. हिंदीत म्हण आहे, ‘बिल्ली का गू, न लीपने का, न पोतने का’. जुन्या लोकांनी नेमके हेरले होते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू पसरू शकतो, हे १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी पक्के केले. गर्भवती बाईला त्याची नव्याने लागण झाली तर पोटातल्या मुलाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. आपल्याकडे तर बाया हातांनी माती कालवतात, अंगण सारवतात. पण घाबरून जाऊन मांजर हाकलून देण्याचे कारण नाही. बाहेर पडल्यावर हा जंतू बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढली की बराचसा धोका टळतो.

आता उपाय ऐका. जुन्या घमेल्यात चार बोटे कोरडी माती किंवा वाळू घाला. ते वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात, मांजराच्या खाण्यापासून दूर ठेवा. पिल्लू तीनचार आठवड्यांचे झाले की आपणच माती उकरू लागते. त्याचे खाणे झाले की त्याला उचलून घमेल्यात सोडा. दुसरीकडे घाण केलीच, तर त्यातला थोडा भाग घमेल्यात टाका. वासाने ते जागा ओळखते. मारू नका आणि घाणीत नाक घासू नका. त्याने मांजर शिकत नाही, फक्त तुम्हाला भिऊ लागते. रात्री चुलीवर झाकण ठेवा. रोज सकाळी घाण काढून विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यांपासून दूर, खोल पुरा आणि हात साबणाने धुवा. हे काम गर्भवती बाईला सांगू नका. घरच्या पुरुषाने करावे.

गुरुजनहो, वर्गात एकदा मुलांना विचारा, मांजर माती का उकरते? मुले आपापल्या घरी पाहतील, दुसऱ्या दिवशी येऊन सांगतील. आणि घरी गेल्यावर कदाचित तीच आईच्या हातातले लाकूड खाली ठेवायला लावतील. मांजराला नवे काही शिकवायचे नाही. ते शिकूनच आपल्या घरी आले आहे. आपण फक्त त्याला घमेलेभर माती द्यायची आहे.